दंतवैद्यकातून जोडपदवीकडे: न्यू जर्सीतील एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील विद्यार्थिनीचे खरे नाव येथे दिलेले नाही. तिला आपण वृषाली म्हणू. ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत, मात्र निर्णयांचा क्रम आणि त्यामागची कारणे जशी होती तशीच ठेवली आहेत. कायदा आणि सार्वजनिक आरोग्य ही जोडपदवी मी स्वतः घेतलेली असल्यामुळे ओळखीपाळखीतून मराठी मुलेमुली सल्ल्यासाठी येत असतात. वृषाली त्यांपैकीच एक. परंतु चार वर्षांची पदवी, व्हिसा, घर आणि मूल या सगळ्यांची गाठ इतकी घट्ट बसलेले दुसरे प्रकरण मी पाहिलेले नाही.

वृषाली मूळची यवतमाळची. बीडीएस नागपुरात झाले. इंटर्नशिपच्या वर्षात पांढरकवडा भागातील शाळांमध्ये दंततपासणीची शिबिरे होत, तेथे तिने मुलांच्या पुढच्या दातांवरचे पिवळट-तपकिरी आडवे पट्टे पाहिले. आया मुलांनाच रागावत, की दात नीट घासत नाहीस. प्रत्यक्षात दात हिरडीखाली जबड्यात तयार होत असतानाच बोअरच्या पाण्यातील जादा फ्लोराइडने ते डाग पडलेले होते आणि कितीही घासले तरी ते जाणार नव्हते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. एका गावात हातपंपावर लाल रंगाची फुली मारलेली होती आणि त्याच पंपावर हंड्यांची रांग लागलेली होती. पंपावर फुली मारणारे खाते एक, पाणी देणारे दुसरे आणि दात तपासणारे तिसरे, एवढे तिच्या त्याच वेळी ध्यानात आले होते.

२०१६ मध्ये लग्न होऊन ती न्यू जर्सीला आली. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून ती एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. २०१८ मध्ये नवऱ्याचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झाल्यावर तिला काम करण्याचे परवानापत्र, म्हणजे ज्याला आपल्याकडे सगळे ईएडी म्हणतात ते, मिळाले आणि ती एका दवाखान्यात सहायक म्हणून रुजू झाली. "दाढ मी काढू शकते ताई, पण इथं मी सक्शन धरून उभी असते," हे तिचे मला उद्देशून पहिले वाक्य होते.

प्रश्न

वृषालीचा प्रश्न वरवर पाहता साधा होता: एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करावी की कायद्याच्या प्रवेशासाठी एलएसॅट द्यावी? तो पडण्याचे कारण मात्र जरा वेगळे होते. अमेरिकेत दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मुद्दाम मिसळले जाते. ही प्रथा १९४५ मध्ये मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरात सुरू झाली आणि २०१५ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने लिटरला ०.७ मिलिग्रॅमची शिफारस केली. न्यू जर्सीत मात्र बहुसंख्य लोकांच्या नळाला असे पाणी येत नाही. ज्या पदार्थापासून पांढरकवड्याची मुले वाचवायची, तोच पदार्थ इथे घालावा की नाही यावर वाद चालतो, हे ऐकून ती शेजारच्या गावातील एका जाहीर सुनावणीला जाऊन बसली.

तेथे विरोधकांच्या वकिलाने आरोग्य अधिकाऱ्याला तीन प्रश्न विचारले. तुम्ही सांगता तो अभ्यास किती मुलांचा? त्यात या गावातली किती? आणि फरक फ्लोराइडमुळेच पडला, घरच्या उत्पन्नामुळे नाही, हे कशावरून? अधिकाऱ्याने तिन्ही वेळा "संशोधन असे दाखवते" एवढेच उत्तर दिले. वृषालीच्या मते अधिकारी बरोबर होता, तरीही तो हरला. आणि वकिलाला विज्ञान कळत नव्हते, तरी त्याचे प्रश्न अचूक होते. दोघांपैकी आपल्याला कोण व्हायचे आहे, हे तिला ठरवता येईना.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय परत दंतवैद्यकाकडे जाण्याचा होता. परदेशी दंतवैद्यांना येथील दंत महाविद्यालयांत वरच्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, पण जागा थोड्या आणि शुल्क प्रचंड असते. सासर-माहेर दोन्हीकडचे मत याच बाजूला होते. वृषालीने तो पर्याय लवकर सोडला. खुर्चीतल्या एका रुग्णाचे तोंड हे आपले क्षेत्र राहिलेले नाही, असे तिने घरी सांगितले आणि त्यावर आठ दिवस अबोला झाला.

दुसरा पर्याय फक्त एमपीएचचा. दोन वर्षे, खर्च आवाक्यातला आणि दंतवैद्यकाच्या पदवीला धरून जाणारा. माझे स्वतःचे मत याच बाजूचे होते आणि ते मी तिला स्पष्टपणे सांगितले होते. तिसरा पर्याय फक्त कायद्याचा, म्हणजे जेडीचा, तीन वर्षांचा. पण तसे केल्यास ती त्या सुनावणीतल्या वकिलासारखी होईल, प्रश्न विचारता येतील आणि उत्तरे तपासता येणार नाहीत, अशी तिची धास्ती होती.

चौथा पर्याय जोडपदवीचा, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण बहुतेकांचा गैरसमज याच ठिकाणी होतो. जेडी आणि एमपीएच ही जोडपदवी म्हणजे एक अभ्यासक्रम नसतो. तो दोन शाळांमधला करार असतो. काही ठिकाणी तर विद्यापीठेही दोन असतात, उदाहरणार्थ जॉर्जटाउनची कायदा शाळा आणि जॉन्स हॉपकिन्सची सार्वजनिक आरोग्य शाळा. अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांनुसार जेडीला किमान ८३ क्रेडिट (अभ्यासाची एकके) लागतात आणि सार्वजनिक आरोग्य शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेच्या नियमानुसार एमपीएचला किमान ४२. बेरीज १२५. या १२५ क्रेडिटना वेगवेगळे घेतले तर पाच वर्षे लागतात. कायद्याचे काही विषय एमपीएचच्या खात्यात आणि एमपीएचचे काही विषय जेडीच्या खात्यात धरले जातात, म्हणून ती चार होतात. वाचणारे ते एक वर्ष म्हणजेच या पदवीतील सवलत, आणि ती सवलत सर्वसाधारणपणे दोन्ही पदव्या पूर्ण केल्या तरच मिळते. मध्येच एक सोडली तर सामाईक धरलेले विषय दुसऱ्या खात्यातून वजा होऊ शकतात. माहितीपत्रकात हे वाक्य असते, पण ते कोणी वाचत नाही. मीही माझ्या वेळी वाचले नव्हते.

पैशांची बाब अशी, की एच-४ वरील विद्यार्थ्याला अमेरिकन सरकारचे शैक्षणिक कर्ज मिळत नाही. राज्य विद्यापीठाने रहिवासी म्हणून कमी शुल्क मान्य केले, हाच मोठा आधार ठरला. उरलेल्या रकमेसाठी खासगी कर्ज आणि नवऱ्याचा पगार.

निर्णय आणि कृती

जोडपदवीच घ्यायची असे वृषालीने ठरवल्यावर पहिला निर्णय अर्जांचा होता. दोन्ही शाळांना एकाच वेळी अर्ज करावा, की आधी कायद्याला आणि पहिल्या वर्षात असताना एमपीएचला? दोन्ही मार्ग त्या विद्यापीठात खुले होते. मी एकाच वेळी करण्याच्या बाजूची होते. वृषालीची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती आणि दोन्ही शाळांच्या कागदांचे व्यवहार वेगळे होते: कायद्यासाठी गुणपत्रके एलएसॅट घेणाऱ्या संस्थेमार्फत, आरोग्य शाळेसाठी वेगळ्या मूल्यमापन संस्थेमार्फत, आणि दोन्हीकडे ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून मोहोरबंद लिफाफ्यात जायला हवी होती. तिचे वडील त्यासाठी यवतमाळहून एसटीने नाशिकला दोनदा गेले. परदेशी गुणपत्रकांवर कायदा शाळांना सरासरी गुणांक न कळवता केवळ श्रेणी कळवली जाते, त्यामुळे एलएसॅटच्या १२० ते १८० मधील आकड्याचे वजन तिच्या बाबतीत अधिकच वाढणार होते. तिने सगळा जोर एलएसॅटवर लावला आणि एमपीएचचा अर्ज पुढे ढकलला. हा निर्णय माझ्या सल्ल्याविरुद्ध होता आणि तो बरोबर ठरला. साथीच्या काळात अनेक आरोग्य शाळांनी जीआरई या प्रवेशपरीक्षेची अट काढली आणि तिची एक परीक्षा वाचली.

दुसरा निर्णय क्रमाचा. कायद्याचे पहिले वर्ष घट्ट बांधलेले असते: करार, अपकृत्ये, दिवाणी प्रक्रिया, मालमत्ता, फौजदारी कायदा, राज्यघटना, त्यात दुसऱ्या शाळेचा एकही विषय शिरत नाही. मग ते वर्ष आधी घ्यावे की एमपीएचनंतर? कायदा आपल्याला झेपत नाही हे कळायचेच असेल तर ते पहिल्याच वर्षी कळावे, असे तिने ठरवले. ऑगस्ट २०२० मध्ये झूमवर वर्ग सुरू झाले. शेजारच्या खोलीत तीन वर्षांची मुलगी आणि जेवणाच्या टेबलावर निकालांचे जाडजूड पुस्तक. तथ्यांना पिवळा, वादप्रश्नाला गुलाबी, निर्णयाला हिरवा अशी तिची मार्करची पद्धत होती. दुसऱ्या सत्रापर्यंत मुलीने उरलेल्या पानांवर निळा मार्करही फिरवून झाला होता.

तिसरा प्रसंग २०२१ च्या उन्हाळ्यातला. तिच्या ईएडीची मुदत एप्रिलमध्ये संपत होती. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत गेलेला होता, पण मार्च २०१९ पासून एच-४ च्या अर्जांना बोटांच्या ठशांची अट लागल्याने ढीग साचला होता. ती अट मे २०२१ मध्ये तात्पुरती उठली, तरी कार्ड हातात पडले ऑगस्टमध्ये. उन्हाळ्यातील पगारी काम गेले. तेच काम विनापगार करण्याची सूचना कोणीतरी केली. ज्या कामाला इतरांना पगार मिळतो ते फुकट केले तरी व्हिसाच्या दृष्टीने ते काम ठरू शकते, म्हणून मी तिला त्यापासून परावृत्त केले. तिने त्या उन्हाळ्यात बायोस्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे आरोग्यविषयक संख्याशास्त्राचा, विषय घेतला. नाइलाजाने घेतलेला हा विषय पुढे तिच्या सर्वांत कामी आला.

२०२१-२२ हे वर्ष पूर्णपणे आरोग्य शाळेचे. तेथे आणखी एक बारीक अडचण आली, जी जोडपदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला येते. मोठ्या वकिली फर्म तेव्हा पहिले वर्ष संपताच पुढच्या उन्हाळ्यासाठी मुलाखती घेत आणि त्यांचे गणित तीन वर्षांच्या पदवीवर बेतलेले असे. चार वर्षांच्या विद्यार्थ्याने कोणत्या वर्षी रांगेत उभे राहायचे? वृषालीने रांग सोडली आणि २०२२ चा उन्हाळा एमपीएचच्या सक्तीच्या क्षेत्रकार्यासाठी एका स्थानिक आरोग्य विभागाला दिला. त्याच जुलैत न्यू जर्सीत भाड्याच्या जुन्या घरांची शिसेयुक्त रंगासाठी तपासणी बंधनकारक करणारा कायदा लागू झाला. मुलांच्या रक्तातील शिशाचे अहवाल एका फाइलीत आणि घरांचे पत्ते दुसऱ्या. त्या दोन याद्या जुळवणे हे तिचे काम होते. रस्त्याचे एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलेले असे. पहिले तीन आठवडे त्यातच गेले.

कसोटीचा काळ

नोव्हेंबर २०२२ मध्ये तिच्या नवऱ्याची नोकरी गेली. एच-१बी धारकाची नोकरी गेल्यावर २०१७ पासूनच्या नियमाने जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते, आणि एच-४ त्याच्यावरच टांगलेला असतो. वृषालीचे तिसरे वर्ष चालू होते, एमपीएच जवळजवळ संपलेले होते आणि जेडी अर्धे राहिले होते.

तीन वाटा होत्या. एमपीएच पदरात पाडून थांबणे. स्वतः एफ-१ विद्यार्थी व्हिसावर जाऊन दोन्ही पदव्या चालू ठेवणे. किंवा नवऱ्याला नोकरी मिळेल या भरवशावर काहीच न करणे. पहिली वाट सर्वांत स्वस्त दिसत होती. एमपीएच सुटे घ्यायचे तर किती क्रेडिट भरतात, हे विचारण्यासाठी ती दोन्ही शाळांच्या निबंधक कार्यालयांत गेली. कायदा शाळेने सांगितले, तो आरोग्य शाळेचा प्रश्न आहे. आरोग्य शाळेने सांगितले, कायद्याच्या कोणत्या विषयांना मान्यता राहील ते कायदा शाळा ठरवते. नऊ दिवस हे असे चालले. शेवटी तिने स्वतःच एक तक्ता केला: प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट, तो कोणत्या खात्यात धरला आहे आणि एक पदवी सोडल्यास तो कुठे जाईल. तो तक्ता दोन्ही सहायक अधिष्ठात्यांना एकाच ईमेलमध्ये पाठवून तिने लिहिले, की यात काही चूक असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे. शुक्रवारी दुपारी उत्तर आले. तिचे चार विषय एमपीएचमधून वजा होणार होते, म्हणजे "स्वस्त" वाटेसाठी आणखी एक सत्र शुल्क भरावे लागले असते.

एफ-१ ची वाटही सरळ नव्हती. त्या व्हिसावर ईएडी संपुष्टात आले असते, रहिवासी शुल्काची सवलत जाण्याचा धोका होता आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या कुटुंबाने तात्पुरत्या वास्तव्याचा हेतू दाखवायचा, ही अडचणही होतीच. एका इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घेऊन तिने एफ-१ चा पूर्ण अर्ज कागदपत्रांसह तयार ठेवला आणि तो ५० व्या दिवशी पाठवायचा असे ठरवले. नवऱ्याच्या नव्या कंपनीचा अर्ज ४७ व्या दिवशी दाखल झाला.

त्या काळात एका संध्याकाळी तिचा फोन आला. मला वाटले, रडेल. तिने विचारले, "ताई, डॉबर्ट निकालाची दुसरी फेरी वाचली आहे का तुम्ही?" गरोदरपणातील मळमळीवरच्या बेंडेक्टिन या औषधाचा तो खटला. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैज्ञानिक पुरावा तपासण्याची कसोटी घालून दिली आणि १९९५ मध्ये खटला परत आल्यावर अपील न्यायालयाने म्हटले, की औषधामुळे जन्मदोषाचा धोका दुपटीहून अधिक वाढतो असे दिसले पाहिजे. दिवाणी दाव्यात "असण्याची शक्यता नसण्यापेक्षा अधिक" एवढे सिद्ध करावे लागते, आणि धोका दुपटीहून अधिक असेल तरच एखाद्या आजारी व्यक्तीबाबत तसे म्हणता येते, असे त्यामागचे गणित. आरोग्यशास्त्रात दीडपट धोकासुद्धा लाखो लोकांच्या दृष्टीने गंभीर असतो. कायद्याला एकाच माणसाचे उत्तर हवे असते. सुनावणीतला अधिकारी का हरला होता, हे तिला त्या संध्याकाळी कळले होते, आणि घरात तेव्हा एकही पगार येत नव्हता.

निष्पत्ती

शेवटच्या वर्षीच्या प्रबंधासाठी तिने पाण्यातील फ्लोराइडवरचा, २०१७ पासून कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयात चाललेला खटला घेतला. हा एकच प्रबंध दोन्ही शाळांनी मान्य करावा यासाठी मात्र तिने आधीच लेखी परवानगी मिळवली होती. मे २०२४ मध्ये दोन्ही पदव्या मिळाल्या.

जुलै २०२४ च्या बार परीक्षेत, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठीच्या परीक्षेत, ती नापास झाली. न्यू जर्सीत उत्तीर्ण होण्यासाठी २६६ गुण लागतात. ती थोडक्यात हुकली. निकालाची वाट पाहत असतानाच, २४ सप्टेंबरला, तिच्या प्रबंधातील खटल्याचा निर्णय आला. ०.७ मिलिग्रॅम या पातळीलाही मुलांच्या बुद्ध्यांकाला अवाजवी धोका असल्याचे ठरवून न्यायाधीश एडवर्ड चेन यांनी पर्यावरण संरक्षण संस्थेला नियामक कारवाई करण्यास सांगितले. असे पाणी निश्चितपणे अपायकारकच आहे असा निष्कर्ष आपण काढत नाही, हेही त्यांनी नोंदवले. त्याआधी महिनाभर प्रसिद्ध झालेल्या सरकारी आढाव्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड आणि मुलांचा कमी बुद्ध्यांक यांच्या संबंधाबद्दल मध्यम खात्री व्यक्त झाली होती. १.५ हा आकडा वृषालीने वीस-बावीस वर्षांची असताना पांढरकवड्यात पाठ केलेला होता. फेब्रुवारी २०२५ च्या परीक्षेत ती उत्तीर्ण झाली.

आता ती कायदेविषयक मदत देणाऱ्या एका संस्थेच्या रुग्णालयातील कक्षात काम करते. डॉक्टर आणि वकील एकाच रुग्णाचे काम एकत्र पाहतात अशी ही रचना १९९३ मध्ये बोस्टनमध्ये सुरू झाली. पगार येथील दंतवैद्याच्या पगाराच्या जवळपासही नाही आणि खासगी कर्जाचे हप्ते चालू आहेत.

वेगळे काय करता आले असते

सामाईक विषयांचा तक्ता पहिल्याच वर्षी करून दोन्ही शाळांकडून लेखी घ्यायला हवा होता. संकटाच्या काळात तोच कागद मिळवायला नऊ दिवस गेले, आणि ६० दिवसांतले नऊ दिवस फार असतात. यात चूक माझी अधिक आहे. व्हिसा नवऱ्यावर टांगलेला आहे हे मला ठाऊक होते, पण "त्याची नोकरी गेली तर?" हा प्रश्न मी चार वर्षांत एकदाही विचारला नाही; घरातल्या माणसाबद्दल तसे विचारणे अभद्र वाटत राहिले.

बार परीक्षेचे अपयश टाळता आले असते. करार आणि अपकृत्ये हे विषय तिने २०२०-२१ मध्ये झूमवर शिकले आणि परीक्षा दिली २०२४ मध्ये. तीन वर्षांच्या विद्यार्थ्यापेक्षा एक वर्ष अधिक मध्ये गेलेले. शेवटच्या सत्रात प्रबंधासोबत उजळणीचा एखादा विषय घेतला असता तर बरे झाले असते, असे ती म्हणते. मी म्हणते, प्रबंध एक सत्र आधी संपवायला हवा होता. यावर आमचे एकमत नाही.

ईएडीच्या अनुभवानंतर तिने पुढचे सर्व अर्ज परवानगी असलेल्या पहिल्याच दिवशी, म्हणजे मुदतीच्या १८० दिवस आधी, पाठवले. उन्हाळ्यातील कामाच्या तारखा ठरवतानाच कार्डाची तारीख पाहणे हे वरवर क्षुल्लक वाटते, पण तिचा एक पूर्ण उन्हाळा त्यात गेला.

एमपीएच खरोखर लागले का, हा मुद्दा उरतो. तिच्या नोकरीच्या जाहिरातीत वकिलीचा परवाना आवश्यक होता आणि एमपीएचपुढे "असल्यास प्राधान्य" एवढेच लिहिले होते. मी हे तिला दाखवले, तेव्हा तिने नुकत्याच झालेल्या एका सुनावणीबद्दल सांगितले. भाडेकरूच्या मुलाच्या रक्तात शिसे जास्त निघाले होते आणि घरमालकाचा वकील म्हणत होता, की ते पाळणाघरातूनही आले असेल. साक्षीला आरोग्य निरीक्षक होता. आदल्या दिवशी दोन तास बसून वृषालीने त्याच्याकडून तीन प्रश्नांची तयारी करून घेतली होती: मुले किती तपासली, त्यांतली या इमारतीतली किती, आणि शिसे इथूनच आले हे कशावरून. दुसऱ्या दिवशी त्या वकिलाने पहिले दोन विचारले, आणि तिसरा विचारलाच नाही.